प्रवास आणि प्रकृती : लेखांक ६
बोटीवर पाऊल ठेवण्याआधीचे दहा दिवस

गेल्या आठवड्यात विमानाच्या केबिनमधल्या हवेबद्दल लिहिलं होतं. ती हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते, बारीक गाळणीतून जाते, आणि मुख्य म्हणजे काही तासांत सगळे उतरून आपापल्या वाटेला लागतात. क्रूझचं तसं नाही. उघड्या डेकवर वारा खेळता असतो, पण तीच दोन-तीन हजार माणसं तीन-चार दिवस, कधी दोन आठवडे, एकत्र जेवतात, नाचतात, लिफ्टमध्ये खेटून उभी राहतात आणि रात्री एकाच बोटीच्या पोटात झोपतात. महासाथीच्या काळात अशा प्रवासाला जावं का आणि गेलंच तर कसं, हे म्हणूनच वेगळं सांगायला हवं. नवी मुंबईकरांना हा विषय लांबचा नाही. वाशी-नेरुळहून बॅलार्ड पिअर गाठायला फार वेळ लागत नाही, आणि आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी मिळून मुंबई-गोवा क्रूझला जाणं आता नवलाईचं राहिलेलं नाही.

जानेवारी २०२२ आठवा. करोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराची लाट चढत होती. ‘कॉर्डेलिया’ या क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट नव्या वर्षाच्या पर्यटकांना घेऊन मुंबईहून गोव्याला गेली. बोटीवरचा एक कर्मचारी बाधित असल्याचं कळलं, मुरगाव बंदरात कुणालाही उतरू दिलं नाही आणि सरसकट चाचण्या झाल्या. ३ जानेवारीला जवळपास दोन हजारांतले ६६ जण बाधित निघाल्याचं जाहीर झालं. बोट मुंबईला परतली. इथे पुन्हा चाचण्या केल्यावर आणखी बाधित सापडले. सुट्टीसाठी निघालेल्या माणसांना गोवा लांबूनच बघून परतावं लागलं.

यातून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्याबद्दल सुशिक्षित घरांतही गैरसमज आहे. निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला की आपण सुटलो, असं लोकांना वाटतं. चाचणी सांगते ती फक्त नमुना घेतला त्या क्षणाची स्थिती. विषाणू शरीरात शिरल्यावर तो नाका-घशात पुरेसा वाढेपर्यंत चाचणीला दिसत नाही. ओमायक्रॉनमध्ये संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन दिवस जात, आधीच्या प्रकारांत पाच-सहा. म्हणजे शनिवारी लग्नात संसर्ग झाला, रविवारी नमुना दिला, सोमवारी रिपोर्ट घेऊन बोटीत चढलो, तर रिपोर्ट खरा असूनही माणूस मंगळवारी बोटीवर आजार पसरवू शकतो. इथे कुणी फसवणूक केलेली नसते, हा दिवसांचा खेळ असतो.

बोटीवरच्या साथीचा सगळ्यात बारकाईने अभ्यासला गेलेला प्रसंग ‘डायमंड प्रिन्सेस’चा. २० जानेवारी २०२० ला ही बोट जपानच्या योकोहामाहून निघाली. २५ तारखेला हाँगकाँगला उतरलेला एक प्रवासी पुढे बाधित निघाला. बोट ३ फेब्रुवारीला योकोहामाला परतली आणि ५ तारखेपासून प्रवाशांना केबिनमध्येच थांबायला सांगितलं गेलं. बोटीवर एकूण ३,७११ माणसं होती : २,६६६ प्रवासी आणि १,०४५ कर्मचारी. शेवटी त्यांतले ७१२ जण बाधित ठरले. २० फेब्रुवारीपर्यंत सापडलेल्या ६३४ बाधितांपैकी ३२८ जणांना चाचणीच्या वेळी कसलंही लक्षण नव्हतं. निम्म्याहून जास्त! ‘मला तर साधी शिंकही नाही’ असं म्हणून जेवणाच्या हॉलमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा.

पण मला या प्रसंगातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दुसरीच नोंद. प्रवासी केबिनमध्ये बंद झाले, तरी त्यांना तीन वेळचं जेवण कुणी तरी शिजवत होतं, दारापर्यंत पोहोचवत होतं. ते कर्मचारी बंद नव्हते. ते काम करत होते, एकत्र जेवत होते आणि एकाच खोलीत झोपत होते. ९ फेब्रुवारीपर्यंत २० कर्मचारी बाधित आढळले. त्यांतले १५ जण खाद्यसेवेतले होते आणि १६ जणांच्या केबिन तिसऱ्या डेकवर होत्या, म्हणजे खाद्यसेवेतले कर्मचारी राहत त्याच मजल्यावर. वरच्या मजल्यावरचा प्रवासी बाल्कनीचं दार लावून कितीही सुरक्षित बसला, तरी त्याची सुरक्षितता त्या तिसऱ्या डेकवर ठरत होती.

त्या बोटीवर १३२ भारतीय कर्मचारी आणि ६ भारतीय प्रवासी होते. त्यांतल्या १६ जणांवर जपानमध्येच उपचार झाले. ११९ भारतीयांना २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने दिल्लीला आणून मानेसरच्या केंद्रात ठेवलं गेलं. हे आकडे आपल्याकडे निव्वळ बातमी म्हणून वाचले जात नाहीत. खलाशी घडवणाऱ्या प्रशिक्षण संस्था इथेच आहेत : करावे-नेरुळला टी. एस. चाणक्य, न्हावाला १९१० पासूनची टी. एस. रहमान. बेलापूर-वाशीत बोटीवर माणसं पाठवणाऱ्या एजन्सी आहेत, आणि ‘मेडिकल’ काढायला आलेली, फायली छातीशी धरलेली पोरं इथे रोज दिसतात. ‘आमचा शिपवर असतो’ म्हणणारी घरं प्रत्येक सेक्टरमध्ये आहेत. पुढे एप्रिल २०२० मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ ही क्रूझ बोट सुमारे दीडशे भारतीय कर्मचाऱ्यांना घेऊन मुंबईजवळ येऊन थांबली, पण टाळेबंदीमुळे त्यांना उतरता येईना. २१ एप्रिलला गृह मंत्रालयाने खलाशांच्या बोटीवर चढण्या-उतरण्याची (साइन ऑन-साइन ऑफ) नियमावली काढली आणि त्यानंतर २३ तारखेला ते किनाऱ्याला लागले. घर दिसण्याच्या अंतरावर येऊन थांबावं लागण्याचे ते दिवस ज्या घरांनी काढले, त्यांना क्रूझ म्हणजे फक्त स्विमिंग पूल आणि दिव्यांची रोषणाई नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून बुकिंग करताना आपण विचारतो ते प्रश्न बदलायला हवेत. जेवणात जैन पदार्थ आहेत का, शो किती वाजता आहे, हे विचारूच. पण आजारी पडलेल्या कर्मचाऱ्याला पगारी रजा मिळते का, त्यांच्या एका केबिनमध्ये किती जण झोपतात, बाधितांसाठी वेगळ्या केबिन राखून ठेवल्यात का, डॉक्टर चोवीस तास असतो का, हेही विचारावं. रजा घेतली तर पगार कापला जाणार असेल, तर ताप आलेला वेटर ते सांगणार नाही, आणि त्याला दोष देण्याचा आपल्याला अधिकारही नाही. पुरेसे प्रवासी हे विचारू लागले, तर कंपन्यांना उत्तर तयार ठेवावंच लागेल.

आणखी एक प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा : निघण्याच्या आदल्या दिवशी कुणाला ताप आला, तर पैसे किती परत मिळतात? प्रामाणिकपणा नेमका इथेच अडतो. चार जणांचे पैसे बुडणार म्हटल्यावर घरातला शहाणा माणूसही पॅरासिटामॉल घेऊन रांगेत उभा राहतो. गोळीने ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही. तारीख बदलून देणारं तिकीट थोडं महाग असलं, तरी महासाथीत तेच घ्यावं. प्रवास विम्यातही विलगीकरणाचा खर्च आणि बोटीवरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला आहे का, हे पाहावं. एजंट तोंडी सांगतो त्यावर थांबू नये.

आता बोटीवर चढण्याआधीचे ते दहा दिवस. त्यांच्याही आधीचं एक काम : फ्लूची लस घ्यायची तर निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. साथीच्या आजाराची लस किंवा बूस्टर बाकी असेल, तर तेही तेव्हाच. साठीच्या पुढच्यांनी आणि मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांनी फॅमिली डॉक्टरांना एकदा भेटून ‘मी जाऊ का’ असं सरळ विचारावं, आणि डॉक्टर नको म्हणाले तर ऐकावं. शेवटच्या आठ-दहा दिवसांत लग्न, बारसं, मॉल, बंद हॉलमधले कार्यक्रम टाळावेत. नवी मुंबईतून रोज लोकलने जाणाऱ्याला गर्दी टाळणं अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. त्याने गाडीत चांगला बसणारा एन-९५ मास्क लावावा. घरी करायची अँटिजेन चाचणी एकदा करून भागत नाही. लक्षणं नसताना ४८ तासांच्या अंतराने तीनदा करावी, शेवटची निघायच्या दिवशी सकाळी.

औषधं हातातल्या बॅगेत ठेवावीत, आणि प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त. बोट अडकली तर काय होतं, ते वर पाहिलंच. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असावं, कारण ब्रँड परमुलखात ओळखला जाईलच असं नाही. सोबत थर्मामीटर, ऑक्सिमीटर, ओआरएसची पाकिटं आणि साबण घ्यावा.

साबण मुद्दाम सांगतो आहे. करोनाने आपल्याला सॅनिटायझरची सवय लावली, पण क्रूझवर उलट्या-जुलाबाच्या साथी घडवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. जेवणाच्या दारात उभा असलेला कर्मचारी हातावर चार थेंब टाकतो, ते घ्यावेत. पण त्याआधी वीस सेकंद साबणाने हात धुतलेले असावेत. नोरोव्हायरसचे अगदी थोडे कणही माणसाला आजारी पाडायला पुरतात. बफेचा एकच चमचा शेकडो हातांतून जातो, तेव्हा याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

बोटीवर चढल्यावर वेळ निवडणं आपल्या हातात असतं. जेवायला पहिल्या अर्ध्या तासात जावं किंवा शेवटी, शक्य तेव्हा उघड्या डेकवर बसावं. थिएटर, कॅसिनो, बंद बार, डिस्को ही हवेतून पसरणाऱ्या आजारांची जागा. तिथे मास्क लावून थोडा वेळ जावं किंवा जाऊच नये. दोन-तीन मजल्यांसाठी लिफ्टऐवजी जिना धरावा. परवडत असेल तर बाल्कनीची केबिन घ्यावी. विलगीकरणात पडावं लागलं, तर खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमधले दिवस फार जड जातात. आपल्या मंडळींना एकमेकांच्या केबिनमध्ये जमून पत्ते कुटायची आणि घरून आणलेले डबे फिरवायची हौस असते. ती मैफल डेकवर भरवा. वारा फुकट असतो.

अंगात कणकण वाटली, जुलाब लागले, तर लपवू नका. बोटीच्या डॉक्टरांना लगेच कळवा आणि केबिनमध्ये थांबा. कप्तानाला बंदरात शिरण्याआधी बोटीवरच्या आजारांची माहिती आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी लागते. न्हावा-शेवा असो की मुंबई, बंदराच्या आरोग्य विभागाचा निर्णय त्याच माहितीवर होतो. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझाने आधी आजारी पडलेल्यांत गोदीवर नेमलेला पोलीस शिपाई होता. समुद्रावरून आलेला आजार पहिल्यांदा गाठतो तो धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला : हमाल, टॅक्सीवाला, सामान तपासणारी पोलीस बाई. आपण लपवलेला ताप त्यांच्या घरी जातो.

घरी परतल्यावरही पाच-सहा दिवस घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ मास्क लावून वावरावं. आणि दोन आठवड्यांत ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना ‘बोटीवरून आलो’ हे पहिल्या वाक्यात सांगावं. बोटीवरच्या गरम पाण्याच्या टबातून आणि शॉवरच्या तुषारांतून होणारा लिजनेअर्स नावाचा न्यूमोनिया दोन ते चौदा दिवसांनी उमटू शकतो. तो माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. त्याची लघवीची वेगळी चाचणी आहे, अँटिबायोटिकही वेगळं लागतं. तुम्ही कुठून आलात हे डॉक्टरांना कळलं नाही, तर ती चाचणी ते करणारच नाहीत.

(पुढील लेखांक : यात्रेतलं पाणी)