विजेची राखण (लेखांक 7) : ब्रेकरला किती वेळ द्यायचा?

रिले फॉल्ट कसा ओळखतो, ते मागच्या आठवड्यात पाहिले. पण रिले फक्त हुकूम देतो, प्रवाह तोडण्याचे काम ब्रेकरचे. त्या कामाला ब्रेकरला किती वेळ द्यायचा, हे रिलेच्या सेटिंगमध्ये आपणच भरायचे असते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हयगय इथेच होते.

हैदराबादच्या कडेने 400 केव्हीची उपकेंद्रे आहेत, मामिडिपल्ली त्यांतलेच एक. तिथून 220, 132, 33 आणि शेवटी 11 केव्ही अशा पायऱ्या उतरत वीज वस्तीत पोहोचते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2007 च्या जोडणी मानकांनुसार 400 केव्हीवरचा फॉल्ट 100 मिलिसेकंदांत आणि 220 केव्हीवरचा 160 मिलिसेकंदांत तुटला पाहिजे. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे. म्हणजे 220 केव्हीला मुदत आठ आवर्तनांची!

आता 220 केव्हीच्या एका फीडरचा हिशेब मांडू. रिलेने 30 मिलिसेकंदांत फॉल्ट ओळखून ट्रिप दिला, ब्रेकरने आणखी 60 मध्ये आर्क विझवला. नव्वदमध्ये काम फत्ते. पण ब्रेकर अडकलाच तर? त्यासाठी एलबीबी, म्हणजे ब्रेकर निकामी ठरल्यावर धावून येणारे संरक्षण. ट्रिप देताच त्याचा टायमर सुरू होतो. टायमर संपेपर्यंत प्रवाह थांबला नाही, तर त्या बसबारवरचे सगळे ब्रेकर उघडतात. आपल्याकडे हा टायमर बहुधा 200 मिलिसेकंदांवर ठेवतात. ब्रेकरचे 60, प्रवाह थांबल्याची खात्री पटायला रिलेला लागणारे 20, उरलेले 120 मोकळे.

एखाद्याला वाटेल, 120 कशाला वाया घालवायचे? टायमर 100 वर आणू. इथेच घात होतो. मोकळे उरतात फक्त 20, आणि ब्रेकर तेवढाच मंदावला तरी धडधाकट बसबार अंधारात जातो. उलट टायमर 500 वर नेला, तर खरोखर अडकलेल्या ब्रेकरमागे ट्रान्सफॉर्मर तेवढा वेळ फॉल्टचा प्रवाह सोसत राहतो.

मग ते 60 आणायचे कुठून? ब्रेकरच्या पाटीवरून नव्हे. पाटीवरचा आकडा नव्या यंत्राचा. मेकॅनिझममधले ग्रीस वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यांनी घट्ट होते. महिनोन्महिने न हललेला ब्रेकर पहिल्या ट्रिपला रेंगाळतो, दुसऱ्या ट्रिपला मोकळा होऊन झटकन उघडतो. म्हणून टायमिंग किट लावण्याआधी 'जरा चालवून बघू' म्हणत ब्रेकर दोनदा उघडला-मिटला, की नेमका हवा होता तोच आकडा हातचा जातो. पहिली ट्रिपच नोंदवा.

दुसरी सेटिंग ट्रिप पल्सच्या लांबीची. ट्रिप कॉइलला 110 किंवा 220 व्होल्ट डीसी मिळते. तिचा प्रवाह तोडायचा तो ब्रेकरच्या सहायक कॉन्टॅक्टने, ब्रेकर उघडल्यावर. पल्स आखूड ठेवला, तर रिलेचा नाजूक कॉन्टॅक्ट आधी सुटतो आणि कॉइलचा प्रवाह त्यालाच तोडावा लागतो. कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा तिथे ठिणगी पाडते, कॉन्टॅक्ट जळतो किंवा चिकटतो. पल्स ब्रेकरच्या मोजलेल्या वेळेपेक्षा निश्चित मोठा हवा, 150 ते 200 मिलिसेकंद साधारण पुरतात.

हैदराबादच्या उपकेंद्राचे हे आकडे महाराष्ट्रातल्या वाचकालाही परके नाहीत. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर 765 केव्ही वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड उर्वरित देशाशी एकतालात आली. जुलै 2012 मध्ये उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला, तेव्हा दक्षिणेचा दुवा फक्त डीसी होता, म्हणून हैदराबादला झळ लागली नाही. आता ती डीसीची आड राहिलेली नाही.

उपकेंद्रात काम करणाऱ्या वाचकांना एक विनंती: सेटिंग शीटवर ब्रेकरच्या वेळेपुढे मोजणीची तारीख लिहा. तारीख नसेल तर तो आकडा पाटीवरचा समजा आणि पुढच्या शटडाउनला किट घेऊन जा.

(पुढील लेखांक : ऑटो-रिक्लोज आणि डेड टाइम)