झोपलेल्या यंत्रांचा जागता खर्च

रात्री दुकान बंद होते, रोजमेळ मिळतो, गल्ला मोजला जातो. घरातील दिवेही मालवले जातात. तरीही दिवाणखान्यातील दूरदर्शन संचावर एक तांबडा ठिपका जळत असतो, सेट-टॉप बॉक्स कोमट असतो आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हवर हिरवे आकडे वेळ दाखवीत असतात. रिमोटने यंत्र ‘बंद’ केले म्हणजे ते केवळ झोपी जाते. पुढच्या आज्ञेची वाट पाहत ते वीज घेतच राहते. यालाच ‘स्टँडबाय’ वीज म्हणतात.

व्यापारी घरात हिशेबाचे भय नसते, म्हणून हा हिशेब मांडून पाहावा. वर्षाचे तास ८,७६०. अखंड १ वॉट घेणारे यंत्र वर्षाला ८.७६ युनिट खाते. समजा, मायक्रोवेव्हचे घड्याळ ३ वॉट घेते. वर्षाला सुमारे २६ युनिट झाले. तोच मायक्रोवेव्ह १,२०० वॉट घेऊन आठवड्यातून तीनदा पाच-पाच मिनिटे अन्न गरम करीत असेल, तर त्याला वर्षभरात १६ युनिटही लागत नाहीत. म्हणजे मुख्य कामापेक्षा वेळ दाखविण्याचाच खर्च अधिक!

आता भिंतीवरील साधे घड्याळ पाहा. त्यातील क्वार्ट्‌झचा सूक्ष्म स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी करीत गेले की सेकंदाला एक ठोका उरतो. एका अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये सुमारे ३ ते ४ वॉट-तास ऊर्जा असते आणि तेवढ्यावर हे घड्याळ वर्षभर सहज चालते. मायक्रोवेव्हचे आकडे तेवढी ऊर्जा तासा-सव्वा तासात संपवितात. वेळ मोजणे स्वस्त आहे; महाग आहे ते उजेडाने वेळ दाखविणे आणि त्यासाठी वीजपुरवठ्याचे मंडल सतत जागे ठेवणे.

मग रात्री सारेच भिंतीवरील बटनापासून बंद करावे काय? येथे थोडे थांबून विचार करावा. दुकानातील संगणकाला वीज मिळत असते तोवर त्याचे अंतर्गत घड्याळ त्या विजेवर चालते. बटन बंद झाले की हा भार मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराच्या ३ व्होल्टच्या सेलवर पडतो. हा सेल काही वर्षे टिकतो; परंतु संपला की सकाळी संगणक एखाद्या जुन्या वर्षातील १ जानेवारी दाखवितो. कोणाच्या लक्षात आले नाही, तर त्या दिवसाची बिले चुकीच्या तारखेने निघतात, खतावणीचा क्रम बिघडतो आणि जीएसटीचे संकेतस्थळही तारखेतील तफावतीमुळे उघडेनासे होते. यावर उपाय वीज चालू ठेवणे हा नव्हे. तारीख मागे जाताच सेल बदलावा आणि पहिले बिल करण्यापूर्वी तारखेकडे दृष्टी टाकण्याची सवय लावावी. अल्प किमतीचा सेल पुढचा मोठा मनस्ताप वाचवितो.

घरातील यंत्रांचीही अशीच वर्गवारी करावी. दूरदर्शन संच, ध्वनियंत्रणा, मायक्रोवेव्ह, रिकामे चार्जर ही भिंतीवरून बंद करण्यास योग्य होत. शीतकपाट आणि कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर चालू राहणेच इष्ट. गावी जाताना सरसकट मुख्य स्विच बंद करण्याआधी ही यादी डोळ्यांखालून घालावी. घड्याळे व रिमोट दीर्घकाळ वापरात नसतील तर सेल काढून ठेवावेत. जुने सेल पाझरून आतील पत्रे गंजवितात. नाण्याच्या आकाराचे सेल मात्र बालकांच्या हाती मुळीच पडू देऊ नयेत. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतच गंभीर भाजणी होऊ शकते. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ साली यंत्रांची स्टँडबाय वीज १ वॉटवर आणण्याची कल्पना मांडली. युरोपीय संघाने २०१३ पासून अनेक घरगुती यंत्रांना अर्ध्या वॉटची मर्यादा घातली. म्हणून नवे यंत्र घेताना किमतीबरोबर माहितीपत्रकातील स्टँडबायचा आकडाही विचारावा.

वहीतील ‘किरकोळ खर्च’ या सदराकडे जुनी पेढी नेहमीच बारकाईने पाहत आली आहे. घरातील तो तांबडा ठिपका त्याच सदरातील एक नोंद आहे. ती कोठे ठेवावयाची आणि कोठे खोडावयाची, हे ठरविणे म्हणजेच घराचा हिशेब जाणणे होय.