हार्ड स्प्रिंग टाकली, तरी तुटली

पुण्यातल्या खराडी बायपासच्या आतल्या एका गल्लीतलं गॅरेज, रविवारची सकाळ. बॉनेट उघडून उभी असलेली जुनी पेट्रोल हॅचबॅक आयडलला मिस मारत होती. प्लग बदलून झाले, कॉइल बदलून झाली, फरक काही पडेना. शेवटी टॅपेट कव्हर काढलं, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हची स्प्रिंग दोन तुकड्यांत पडलेली दिसली. गाडीचा मालक आयटी पार्कात कामाला. त्याचा पहिला प्रश्न, "पण आपण तर हार्ड स्प्रिंग टाकल्या होत्या ना?"

इंजिनात थोडंफार लक्ष घालणाऱ्या निम्म्या लोकांचा हाच समज असतो: स्प्रिंग जितकी कडक तितकी सुरक्षित. तो अगदीच हवेतून आलेला नाही. व्हॉल्व्ह उघडतो कॅम, बंद करते स्प्रिंग. ६००० आरपीएमला हे काम सेकंदाला ५० वेळा होतं. कॅमचा उंचवटा उतरताना व्हॉल्व्हने त्याला चिकटून परत यायला हवं, आणि त्यासाठी लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ६५०० वर थांबणारं इंजिन ७५०० पर्यंत नेलं, की तो ३३ टक्क्यांनी वाढतो. स्प्रिंग तेवढी पुरली नाही, तर व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडतो. यालाच फ्लोट म्हणतात. बऱ्याच इंजिनांत त्यापुढची भेट थेट पिस्टनशी असते.

म्हणजे फ्लोटवर कडक स्प्रिंग हा इलाज आहे. तुटण्यावर नाही. स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिची तार खरं तर पिळली जाते, आणि जोर वाढवला की हा पीळही वाढतो. गॅरेजच्या मिस्त्रींनी तुटलेला तुकडा पुसून हातात दिला. वेटोळ्यांच्या एकमेकांकडच्या अंगाला, जिथे तार तारेला लागते तिथे, आरशासारख्या चकचकीत रेघा होत्या. कॅम जास्त लिफ्टचा टाकलेला. जोर आणखी वाढावा म्हणून कोणीतरी स्प्रिंगखाली जाड शिमही (चकती) सरकवलेली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की वेटोळी एकमेकांवर आपटत होती. याला कॉइल बाइंड म्हणतात. पूर्ण लिफ्टला वेटोळ्यांत मिळून साधारण दीड मिलिमीटर जागा उरायला हवी; इथे काहीच उरली नव्हती. सुरक्षेसाठी टाकलेल्या शिमनेच स्प्रिंग खाल्ली.

दुसरी गोष्ट कंपाची. प्रत्येक स्प्रिंगची स्वतःची एक लय असते. कॅमचे ठोके त्या लयीशी जुळले, की वेटोळ्यांतून लाट धावत राहते आणि व्हॉल्व्हवरचा जोर क्षणोक्षणी खालीवर होतो. म्हणून वर निमुळत्या होत गेलेल्या बीहाइव्ह स्प्रिंग किंवा आत डॅम्पर असलेल्या जोडस्प्रिंग वापरतात. रेनॉने तर १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनातून पोलादी स्प्रिंगच काढली आणि दाबलेल्या वायूवर व्हॉल्व्ह बंद केले.

"कंपनीच्या स्प्रिंग तशाच ठेवल्या असत्या तर काही झालं नसतं," हेही तितकंसं खरं नाही. टोयोटाने २०१० मध्ये जगभरातल्या सुमारे २ लाख ७० हजार गाड्या परत बोलावल्या, त्या व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठीच. तारेच्या पोलादात बाहेरचे बारीक कण राहिले होते आणि तिथून तडा जाऊ शकत होता. स्प्रिंग एका फटक्यात तुटत नाही. एका ठिपक्यापासून तडा रोज थोडा सरकतो. तो ठिपका पोलादातला कण असेल, गंज असेल, नाहीतर फिटिंग करताना पकडीने उठलेला ओरखडा. तारेवर बारीक छर्‍यांचा मारा करून पृष्ठभाग कणखर करतात, तो याच तड्याला रोखायला. आणि आपण त्यावर पकड चालवतो!

रिमॅपने, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब (बूस्ट) वाढवल्याने, स्प्रिंग तुटतात का? पुण्यात टर्बो गाडी घेतली की महिनाभरात हा विषय निघतो. नुसत्या बूस्टने तार तुटत नाही. मात्र बंद असलेल्या इनटेक व्हॉल्व्हला मागून हवा ढकलते. ३० मिलिमीटरच्या व्हॉल्व्हवर १ बार जादा बूस्ट म्हणजे सुमारे ७ किलोचा रेटा, आणि तो स्प्रिंगच्या जोरातून वजा होतो. स्प्रिंग जुनी, उष्णतेने बसलेली असेल तर वरच्या फेऱ्यांत तिची दमछाक होते.

फेऱ्या मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या रेव्ह लिमिटरवरचा विश्वास तर फारच भाबडा. तो इंधन किंवा ठिणगी तोडतो, चाकं थोडीच थांबवतो? तिसऱ्या गिअरमध्ये ६००० वर असताना घाईत चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर क्लच सोडताच चाकं इंजिनाला ९००० च्या आसपास फिरवतील. तिथे कोणताही मॅप कामाचा नाही.

आमच्या हॅचबॅकचं नशीब बरं. तिच्यात जोडस्प्रिंग होत्या; बाहेरची तुटली तरी आतली लहान स्प्रिंग शाबूत होती, म्हणून व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडला नाही. मिस्त्रींनी तिसरा पिस्टन वर आणला, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरली, कान लावून सायलेन्सरकडून फुसफुस येत नाही हे पाहिलं. व्हॉल्व्ह वाकलेला नव्हता. हवेच्या दाबावर व्हॉल्व्ह धरून, हेड न खोलता नव्या स्प्रिंगची जोडी बसली. मग मिस्त्री बाकीच्या स्प्रिंगकडे वळले आणि एकेकीखालची शिम काढून मालकाच्या हातावर ठेवू लागले.