मामाच्या वहीतली विमानं

विमानाचं तिकीट काढताना तुम्ही काय बघता? आधी भाडं, मग वेळ, मग बॅग किती किलोची चालेल. माझा मामा आधी विमान कुठलं ते बघतो. बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरात 'ए३२१' किंवा 'एटीआर' असं काहीतरी लिहिलेलं असतं. आपण ते कधीच वाचत नाही, तो चष्मा वर करून वाचतो. हवं ते विमान मिळणार असेल तर पहाटे तीनला उठायची त्याची तयारी असते. मामीची नसते.

मामा कुर्ल्यात वाढला. मुंबईत उतरणारी बरीचशी विमानं घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरूनच जातात. टीव्हीवरचा डायलॉग बुडाला की बाकीचं घर वैतागायचं आणि मामा गच्चीकडे पळायचा. शाळेत असतानाच त्याने एक दोनशे पानी वही केली. तारीख, कंपनी, मॉडेल आणि विमानाचा नंबर. आपल्याकडच्या विमानांचे नंबर 'व्हीटी'ने सुरू होतात (स्टेशनाशी काही संबंध नाही!). आता अशा नऊ वह्या झाल्यात. नवव्या वहीची शेवटची काही पानं वेगळी आहेत. ज्या विमानांत तो स्वतः बसला, त्यांची ती यादी. बँकेतल्या क्लार्कची तीस वर्षांची कमाई, ३४ उड्डाणं.

त्यातलं पहिलं १९९७ मधलं. लग्नानंतर गोव्याला, इंडियन एअरलाइन्सचं ए३२०. दाबोळीला उतरल्यावर नवी नवरी उन्हात बॅग धरून उभी आणि नवरा वाकून विमानाची चाकं मोजतोय, हा किस्सा मामी आजही प्रत्येक लग्नात सांगते. पण मामाचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. जगभरातल्या ए३२० ला पंखाखालच्या प्रत्येक पायाला दोन चाकं असतात. इंडियन एअरलाइन्सने मात्र आपल्याकडच्या कमकुवत धावपट्ट्यांचा विचार करून चार-चार चाकांची खास विमानं बनवून घेतली होती. चाकं वाढली की वजन वाटलं जातं. "कंपनी विमान निवडते तेव्हा देशाचा रस्ता कसा आहे तेसुद्धा बघते," मामा म्हणाला. मला ते एकदम पटलं. गाडी घेताना गावाकडचे खड्डे आपणही बघतोच की.

यादीत नसलेलं विमान मात्र मामाला जास्त छळतं. बोइंग ७४७. एअर इंडियाचं पहिलं जम्बो १९७१ मध्ये आलं. नाव 'एम्परर अशोक', आणि खिडक्यांभोवती बाहेरून राजवाड्याच्या झरोक्यांसारखी नक्षी. पुढे कितीतरी जम्बो मामाने गच्चीवरून पाहिली. बसायचं मात्र राहिलं. आधी पैसे नव्हते, मग मुलांच्या फिया, मग "पुढच्या वर्षी बघू". २२ एप्रिल २०२४ ला 'आग्रा' नावाच्या, व्हीटी-ईव्हीए नंबरच्या जम्बोने मुंबईतून अमेरिकेकडे शेवटचं उड्डाण केलं. वर गेल्यावर वैमानिकाने पंख हलवून निरोप घेतला. मामाने तो व्हिडिओ ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सात वेळा पाहिला आणि डबा तसाच परत आणला.

एवढं सुंदर विमान काढून का टाकतात, असं मी विचारलं. मामा म्हणाला, "चार इंजिनं आहेत गं. चौघांना प्यायला लागतं." बोइंग ७७७ दोनच इंजिनांवर जवळपास तेवढंच काम करतं. विषय संपला.

इंडिगोचं गणित तर आणखी सरळ. स्वतःचं एकही विमान उडालेलं नसताना या कंपनीने २००५ मध्ये १०० ए३२० मागवली. सेवा सुरू झाली ऑगस्ट २००६ मध्ये. एकाच जातीची विमानं म्हणजे कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर पाठवता येतो, सुटे भाग एकाच प्रकारचे लागतात आणि एक विमान बिघडलं तर दुसरं तसंच उभं करता येतं. उलट किंगफिशरकडे ए३२०, ए३३०, एटीआर असं सगळंच होतं, वर डबलडेकर ए३८० ची ऑर्डरही होती. २०१२ मध्ये ती कंपनी जमिनीवर आली. नुसत्या विमानांमुळे नाही, कर्जाचा डोंगरही होता. पण एकाच जातीवर भिस्त ठेवणंही सेफ नसतं. गो फर्स्टने निओ विमानांसाठी एकाच कंपनीची इंजिनं घेतली होती. इंजिनं वेळेवर मिळेनात म्हणून निम्मी विमानं उभी राहिली असं सांगत मे २०२३ मध्ये तिने उड्डाणंच थांबवली.

माझी आवडती गोष्ट एटीआरची आहे. कोल्हापूर, नाशिकसारख्या शहरांत दिसणारं हे पंख्याचं विमान. इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८ सीट असतात. ७८ च का? देशांतर्गत सेवेत ८० पेक्षा कमी सीटच्या विमानांना लँडिंग चार्जमध्ये सूट देण्याचं धोरण आपल्याकडे वर्षानुवर्षं आहे. इंधनावरचा करही लहान विमानांना कमी. दोन सीट जास्त टाकल्या तर हिशोबच बिघडायचा!

"पण त्यात मजा राहिली नाही," मामा कुरकुरतो. "वर बघावं तर एसटी स्टँड. सगळ्या लाल डब्या सारख्याच."

मी यादी चाळत होते. २००७ च्या एका ओळीवर थांबले. मुंबई-नागपूर, ए३२०. नंबराची जागा कोरी. ३४ ओळींमध्ये ही एकच. मामाने वही माझ्या हातातून घेतली आणि जरा वेळाने सांगितलं. निवृत्तीनंतर आजी-आजोबा नागपूरला राहायला गेले होते. रात्री उशिरा फोन आला, आजोबांना ॲडमिट केलंय. गाड्या निघून गेल्या होत्या. सकाळच्या एका स्वस्तातल्या विमानात जागा मिळाली. तिकीट बँकेतल्या माणसाला परवडेल असं होतं. मामा नऊच्या आत नागपुरात पोहोचला. आजोबा शुद्धीत होते, दुपारपर्यंत.

"दहा वर्षं आधी असतं तर एवढ्या पैशात जाता आलं नसतं," तो म्हणाला. "ट्रेनने गेलो असतो. दुसऱ्या दिवशी."

आता इंटरनेटवर शोधलं तर तो नंबर कदाचित सापडेलही. मी शोधू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाला.

गेल्या महिन्यात मी हैदराबादहून कोल्हापूरला एटीआरने गेले. मामाच्या सूचना आधीच आल्या होत्या. दार मागे असतं, गोंधळू नकोस. पंख वरती असतो, त्यामुळे खाली सगळं दिसतं, खिडकीच घे. घेतली. उतरताना उसाची शेतं इतकी जवळ आली की मी फोन बाजूला ठेवून बघतच राहिले. टर्मिनलमध्ये शिरताना मामाचा मेसेज आला, "नंबर?"

मी मागे वळले, पण कर्मचारी पुढे चला म्हणून हात करत होता. "व्हीटी-आय..." एवढंच दिसलं. मामाने वहीत तेवढंच लिहून घेतलंय, माझ्या नावाने नवं पान काढून.