दोन आसनें : एक घराचें, एक अधिकाराचें

खुर्ची आतां आपल्या घरांत इतकी रुळली आहे, कीं तिच्या पायांना बाक कां असतो किंवा तिची पाठ आंत कां वळते, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत फर्निचरची जी 'नव-अभिजात' पद्धति उदयास आली, तिच्या मुळाशीं दोन अतिप्राचीन आसनें आहेत. त्यांपैकीं एक ग्रीक गृहिणीचें, दुसरें रोमन अधिकाऱ्याचें. या पद्धतीचें यश कशांत होतें आणि ती कोठें फसली, हें या दोन आसनांच्या कथेवरून चांगलें कळून येतें.

पहिल्या आसनाचें नांव 'क्लिस्मोस'. इ. स. पूर्वी पांचव्या शतकांतील ग्रीक भांड्यांवरील चित्रांतून ही खुर्ची वारंवार दिसते. तिचे चारहि पाय तलवारीच्या पात्याप्रमाणें बाक घेऊन बाहेर गेलेले, बैठक विणलेली, आणि पाठीस आधार म्हणून खांद्याच्या उंचीवर एक रुंद, वक्र फळी. नक्षीकाम जवळजवळ नाहींच. अथेन्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तुसंग्रहालयांत हेगेसो नांवाच्या स्त्रीची समाधिशिला आहे. इ. स. पूर्वी ४१० ते ४०० च्या सुमारास कोरलेल्या या शिलेवर हेगेसो अशाच खुर्चींत बसली आहे आणि समोर उभ्या असलेल्या दासीच्या हातांतील करंड्यांतून दागिना उचलीत आहे. तिच्या बसण्यांत जो निवांतपणा आहे, त्यांतील अर्धा वांटा त्या खुर्चीचा म्हणावा लागेल.

दुसरें आसन रोमनांचें, 'सेल्ला कुरुलिस'. त्याचे पाय फुलीप्रमाणें एकमेकांस छेदून गेलेले असत, आणि त्यास पाठ नसे. कॉन्सल, प्रीटर अशा वरिष्ठ अधिकाऱ्यांसच त्यावर बसण्याचा मान असे. पहिलें आसन बसणाऱ्याचें शरीर पाहून घडविलेलें, तर दुसरें त्याचें पद पाहून.

हीं आसनें दोन हजार वर्षांनंतर पुन्हां कां आठवावीं? इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीनें गडप केलेल्या हर्क्युलेनियम व पाँपेई या नगरांचें उत्खनन अनुक्रमें १७३८ व १७४८ मध्यें सुरू झालें. विंकेलमान या जर्मन पंडितानें लिहिलेला प्राचीन कलेचा इतिहास १७६४ मध्यें प्रसिद्ध झाला. नेपल्सच्या दरबारीं इंग्रजांचा वकील असलेल्या विल्यम हॅमिल्टन यानें जमविलेला भांड्यांचा संग्रह १७७२ मध्यें ब्रिटिश म्युझियमनें विकत घेतला. प्राचीनांच्या प्रेमाची एक लाटच उसळली. मुंबईच्या टाऊन हॉलचे डोरिक खांब ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस १८३३ मध्यें आपल्या किनाऱ्यास लागलेल्या या लाटेची ओळख आहेच.

प्रारंभीं कारागिरांनीं फक्त अलंकार उचलले. स्कॉटिश स्थापति रॉबर्ट ॲडम यानें १७७५ च्या सुमारास लंडनजवळील ऑस्टर्ली पार्क या वाड्यांत एक 'एट्रुस्कन' दालन सजविलें आणि तेथील खुर्च्यांवर प्राचीन भांड्यांसारखे रंग चढविले. गंमत अशी, कीं हीं भांडीं इटलींत सांपडत म्हणून लोक त्यांस एट्रुस्कन समजत. वास्तविक त्यांतील पुष्कळशीं ग्रीकांचीं होतीं. नांव चुकलें, तसेंच मर्महि हुकलें. वेष बदलला, पण खुर्ची जुनीच राहिली.

खरी अडचण पुढेंच होती. हर्क्युलेनियमच्या मातीखालीं कांहीं रोमन लांकडी सामान कोळसा होऊन टिकलें. ग्रीक क्लिस्मोस मात्र एकहि हातीं लागली नाहीं. सुतारापुढें होतें तें केवळ चित्र. असे बाहेर वळलेले पाय वजन पडतांच फांकूं पाहतात. शिवाय सरळ फळींतून वक्र पाय कापला, तर बाकाच्या जागीं लांकडाचे तंतू मध्येंच तुटतात, आणि नेमका तेथेंच पाय मोडतो. चित्राची नक्कल करणें सोपें होतें. चित्रांतील खुर्चीवर माणूस बसविणें सोपें नव्हतें.

या कामीं पॅरिसचा कारागीर जॉर्ज जाकोब यानें मोठी मजल मारली. चित्रकार दाविद याच्यासाठीं त्यानें प्राचीन धर्तीचें फर्निचर बनवून दिलें, आणि दाविदनें तें आपल्या चित्रांत उतरविलें. १७८९ च्या प्रदर्शनांतील त्याच्या 'ब्रूटस' या चित्रांत राज्यासाठीं स्वतःच्या पुत्रांस देहदंड देणारा रोमन अंधारांत बसला आहे. आणि उजेडांत आहेत त्याच्या घरच्या शोकाकुल स्त्रिया, शिवणाची टोपली व खुर्ची. अधिकार आणि घर यांतील विरोध यापेक्षां स्पष्टपणें कोणी रंगविला असेल असें वाटत नाहीं.

पुढें नेपोलियनच्या काळीं अधिकाराचें पारडें जड झालें. पेर्सिये व फोंतेन या त्याच्या स्थापतींनीं महोगनीवर सोनेरी मुलाम्याचे गरुड व विजयमाला चढविल्या. फुलीच्या पायांचीं रोमन आसनें राजवाड्यांत मिरवूं लागलीं. तें फर्निचर भव्य होतें यांत संशय नाहीं. पण तें पाहण्यासाठीं होतें. तिकडे इंग्लंडांत टॉमस होप यानें आपल्या घराच्या सजावटीचा ग्रंथ १८०७ मध्यें प्रसिद्ध केला, त्यांत क्लिस्मोसचा बाक आहे. थोड्याच अवधींत तो बाक मध्यमवर्गाच्या जेवणघरांतील साध्या खुर्च्यांच्या पायांत उतरला. १८०५ च्या आरमारी विजयावरून लोक त्यांस 'ट्राफल्गार' खुर्च्या म्हणूं लागले.

साम्राज्य बुडालें, त्याबरोबर गरुडांची ऐटहि ओसरली. ग्रीक बाक मात्र टिकला. इतका, कीं १९६१ मध्यें रॉब्सजॉन-गिबिंग्स या रचनाकारानें अथेन्सच्या सारिडिस या कारखानदारांच्या साह्यानें अक्रोडाच्या लांकडाची व चामड्याच्या वाद्यांची क्लिस्मोस पुन्हां घडविली.

पूर्वजांचें अनुकरण करावें कीं नाहीं, हा वाद आपल्याकडेहि नवा नाहीं. या दोन आसनांवरून एवढें दिसतें, कीं ज्यांनीं पूर्वजांची मुद्रा उचलली त्यांच्या हातीं शोभा आली, आणि ज्यांनीं त्यांची युक्ति शोधली त्यांना बसावयास खुर्ची मिळाली. आपल्या घरीं जुन्या धर्तीची एखादी खुर्ची असेल, तर तिच्यावरील नक्षी पाहण्यापूर्वीं तिच्यांत घटकाभर बसून पाहावें.