पोलादाचे पाणी

मी सुताराच्या घरात वाढलो. पोटापाण्यासाठी मात्र बँकेत आकडेमोड केली. वडिलांच्या पेटीतले एक रंधा, दोन पटाश्या आणि धारेचा दगड एवढेच माझ्या वाट्याला आले. दर रविवारी मी त्यांना धार लावतो. शेजारी विचारतात, ‘काम काही करायचंय का?’ धार लावणे हेच काम असते, हे त्यांना पटत नाही.

धार म्हणजे पात्याची सपाट पाठ आणि तिरपा उतार जिथे मिळतात ती रेघ. उतार साधारण २५ अंशांचा, अगदी टोकाशी ३०. कोन कमी केला तर पाते झटकन कापते, पण कठीण लाकडात कड तुटते. वाढवला तर कड टिकते, पण जोर लागतो. खरबरीत दगडावर उतार घासायचा. पाठीकडे वळलेली बारीक खरखर बोटाला लागली, की कड गाठली असे समजावे. मग बारीक दगडावर पाठ पूर्ण टेकवून ती खरखर काढायची. जमले, तर रंध्यातून कांद्याच्या पापुद्र्यासारखे सालपट निघते.

आपला जुना कुरुंदाचा दगड काही साधा नव्हे. इंग्रजीतला ‘कोरंडम’ शब्द तमिळमधून तिकडे गेला. माणिक आणि नीलम ही त्याच घराण्यातली श्रीमंत भावंडे!

घाईचा माणूस पाते विजेच्या चाकावर धरतो. ठिणग्या छान उडतात. पण पोलादाला ‘पाणी’ दिलेले असते. म्हणजे लालभडक तापवून एकदम थंड केलेले आणि ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने, दोनशे-सव्वादोनशे अंशांपर्यंत तापवलेले. चाकावर कड तीनशे अंशांच्या आसपास गेली की निळी पडते. पाणी उतरते. मग धार लावा, तासाभरात बोथट! माणसांच्या बाबतीतही आपण हाच शब्दप्रयोग करतो, तो उगीच नव्हे.

सागवानात वाळूच्याच जातीचे सिलिका असते. त्यामुळे धार लवकर जाते आणि मिस्त्री वरचेवर दगडाकडे वळतो. ती कामचुकारी नव्हे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोरात निसटलेली पटाशी दुसऱ्या हातात शिरते.

आता दातांची टोके कडक केलेल्या करवती मिळतात. त्या बरेच दिवस चालतात. पण त्यांच्यावर कानस चालत नाही. धार गेली की करवत भंगारात. वडिलांची करवत तीनधारी कानशीने पुन्हा पुन्हा उभी राहायची आणि कानस चालवताना शेजारी बसलेले पोर आपोआप शिकायचे. करवत नवी आणता येईल. पण ते शेजारी बसणे कुठल्या दुकानात मिळणार?

कोन पुस्तकात सापडतो, खरखर बोटालाच कळते. तुमच्या घरी मिस्त्री दगड घेऊन बसला, तर मुलांना खुशाल त्याच्याजवळ बसू द्या. अभ्यास बुडणार नाही.