बोटाला बिलगणारे ‘फिंगर मंकी’ खरंच पाळता येते का? जाणून घ्या

गेवराई : वानरे बीड जिल्ह्याला नवी नाहीत. शेजारच्या माजलगाव तालुक्यातील लवूळ गाव तर डिसेंबर २०२१ मध्ये वानरे आणि कुत्र्याच्या पिल्लांच्या प्रकरणामुळे देशभर गाजले होते. मोबाईलवर मात्र वेगळेच माकड फिरते. माणसाच्या बोटाला बिलगलेले ‘फिंगर मंकी’. खाली प्रश्न ठरलेला, ‘कितीला मिळेल?’

हे माकड कोणते?

खरे नाव पिग्मी मार्मोसेट. जगातील सर्वांत लहान माकड. वजन १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे साधारण एका केळ्याएवढे. शरीरापेक्षा शेपूट लांब. ब्राझील, पेरू, इक्वेडोर, कोलंबिया आणि बोलिव्हियातील अॅमेझॉनच्या जंगलात ते राहते.

खाते काय?

डिंक! बाभळीचा डिंक आपल्याकडे लाडवात जातो, याचे मात्र पोटच त्यावर चालते. खालच्या धारदार दातांनी ते सालीला भोके पाडते आणि पाझरणारा चीक चाटते. त्या चिकाला आलेले किडेही सोडत नाही. नखे अणकुचीदार असल्याने खारीसारखे खोडाला उभे चिकटून बसते. एका कळपाला अनेकदा एकरभर जंगलही पुरते. झाडे आटली की मुक्काम हलतो.

पिल्ले कोण सांभाळतो?

बहुतेक वेळा जुळी होतात. आई दूध पाजते, पण पाठीवर वागवण्याचे काम मुख्यतः बाप आणि मोठी भावंडे करतात. पिल्लू त्यांच्या केसांना घट्ट धरून राहते. रीलमध्ये बोट धरलेले पिल्लू ‘लाड’ करत नसते. ते पाठ शोधत असते.

घरात काय होते?

एकटे ठेवले की ते खचते. ऊन नाही, ‘ड-३’ जीवनसत्त्व नाही, तर हाडे ठिसूळ होतात. केळी-बिस्किटांवर ते जगत नाही. आणि उपचार करणार कोण? गायी-म्हशी पाहणाऱ्या तालुक्याच्या दवाखान्यात याचा अनुभव कुठून असणार!

कायदा काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ करारात हे माकड परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यातही अशा परदेशी प्राण्यांसाठी अनुसूची ४ आली. असा प्राणी ताब्यात असल्यास ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. आयातीचा परवाना नसेल, तर ‘पैसे आधी पाठवा, पिल्लू घरपोच’ म्हणणारा विक्रेता एकतर तस्करीचे पिल्लू देतो किंवा काहीच देत नाही.